भिंतीवरचा सेन्सर

अकोल्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या एसीचं काम आमच्या अमरावतीच्या ऑफिसला मिळालं. एकटीनं सांभाळायचं माझं ते पहिलंच काम. इमारत जुनी. गच्चीवरची यंत्रं एकदा चालू झाली की दिवसभर एकाच जोरात चालत. ओपीडीत लोक घामाघूम आणि वरच्या मजल्यावर रिकाम्या खोल्या गारठलेल्या. प्रत्येक खोलीत सेन्सर बसवायचे, झडपा संगणकाला जोडायच्या आणि जिथं माणसं असतील तिथं लागेल तेवढाच गारवा पाठवायचा, असं ते काम. वीज वाचणार होती आणि माणसांनाही बरं वाटणार होतं. माझा त्यावर विश्वास होता. आजही आहे.

तोवर ती यंत्रं एक काका चालवायचे. पातूरचे, निवृत्तीला वर्ष उरलेले. दिवसातून तीनदा ते वॉर्डांतून फिरत, पेशंटना विचारत आणि मग गच्चीवर जाऊन हातानं झडपा कमी-जास्त करत. डायलिसिसच्या वॉर्डात तर एकेका खाटेशी थांबत. तिथं चार-चार तास रक्त शरीराबाहेर फिरतं, त्यामुळं पेशंटला भर मे महिन्यातही थंडी वाजते. हे मला त्यांनीच सांगितलं.

त्याच वॉर्डात मी सेन्सरसाठी भिंतीवर पेन्सिलीनं खूण करत होते, तेव्हा ते मागं उभे होते.

"मॅडम, इथं नका लावू. या भिंतीमांगं अवजारं उकळाची खोली आहे. दुपारून भिंत गरम होते."

मी हात लावून पाहिला. सकाळची वेळ होती, भिंत गारच लागली. शिवाय वायरची नळी नेमकी तिथवर आलेली. दुसऱ्या भिंतीवर न्यायची तर छत उघडावं लागलं असतं, दोन दिवस वाया गेले असते.

"काही होत नाही, काका," मी म्हणाले, आणि सेन्सर तिथंच लावला.

एप्रिलमध्ये सगळं सुरू झालं. बाकी मजले छान चालले, डायलिसिसचा वॉर्ड सोडून. स्क्रीनवर तो वॉर्ड तापलेला दिसायचा, झडप पूर्ण उघडी असायची, आणि पेशंट मात्र थंडीची तक्रार करत होते. मी पाहायला गेले. स्टुलावर चढले तर छतातल्या हवेच्या दोन जाळ्यांवर पुठ्ठे चिकटवलेले. माझ्या बॅगेत साधं हातात धरायचं थर्मामीटर होतं. ते मी काढलं नाही. मला हवं ते कारण सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये मी लॅपटॉपवर आलेख दाखवला. मी वलगावची, घरी मले-तुलेच बोलते. पण त्या केबिनमध्ये मी अगदी शुद्ध आणि अर्धं इंग्रजी बोलले. हवा अडवली आहे, म्हणून वॉर्ड थंड होत नाही, म्हणून यंत्रणा उगाच जोर लावते, असं समजावलं. शेवटी मी म्हणाले, "कुणीतरी मध्ये हात घालतं आहे."

काकांना बोलावलं गेलं. ते लपवाछपवीच्या भानगडीत पडले नाहीत.

"हो जी, पुठ्ठे मीच लावले. बाया कुडकुडून राहिल्या होत्या. तो डबा गरम भिंतीवर आहे, त्याले वाटते वॉर्डच तापला. मी मॅडमले तवाच सांगतलं होतं."

व्यवस्थापकांनी माझ्याकडं पाहिलं. "सांगितलं होतं यांनी?"

मला सगळं आठवलं. पेन्सिलीची खूण, भिंतीवरचा माझा हात, त्यांचं वाक्य.

"मला तसं काही आठवत नाही," मी म्हणाले.

काकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता. सोमवारपासून त्यांना पार्किंगच्या गेटवर टाकलं.

त्याच दुपारी मी वॉर्डात जाऊन भिंतीला हात लावला. चांगली गरम होती. थर्मामीटर काढलं तर खाटांपाशी अठरा अंश. रविवारी छत उघडून सेन्सर समोरच्या भिंतीवर नेला आणि अहवालात 'नियमित देखभाल' एवढंच लिहिलं. दोन दिवसांत वॉर्ड ठिकाणावर आला. बायांनी अंगावरची ब्लँकेटं पायाशी सारली. पुढं विजेचं बिलही उतरलं. आमच्या साहेबांनी दुसऱ्या गिऱ्हाइकांना ते काम दाखवायला आणलं. मी जे जे सांगितलं होतं ते सगळं खरं झालं.

मी दर महिन्याला देखभालीला जायची आणि औषधांच्या दुकानाकडच्या बाजूच्या दारानं आत शिरायची. एकदा ते दार बंद होतं. गेटवर काका शिटी घेऊन उभे होते.

"या मॅडम," म्हणत त्यांनी एक आडवी लागलेली स्कूटर सरकवून मला वाट दिली.

"ऊन लय आहे, काका."

"हो," ते म्हणाले. मी आत गेले.

वर्षभरानं त्यांचा निरोप समारंभ झाला, कँटीनमध्ये. मी त्या दिवशी तिथं होते, म्हणून व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, तुम्हीही दोन शब्द बोला." ते शब्द माझ्या मनात कितीतरी महिन्यांपासून तयार होते. मी उठले आणि सगळं सांगितलं, या वेळी माझ्या बोलीत. काकांनी मले बजावलं होतं, मी ऐकलं नाही, मग खोटं बोलले, माह्यामुळं ते गेटवर गेले. मग एक टाळी वाजली, मग सगळ्यांच्या. असं कबूल करायला हिंमत लागते, असं व्यवस्थापक म्हणाले. मला हलकं वाटलं. खोटं बोलण्यापेक्षाही त्या हलकं वाटण्याची मला जास्त लाज वाटते.

कार्यक्रम संपल्यावर काका पाण्याच्या टाकीपाशी माझ्याजवळ आले. हातात शाल आणि नारळ. पहिल्या रांगेत त्यांची बायको नवं लुगडं नेसून बसली होती आणि त्यांच्याकडंच पाहत होती.

"पोरी," ते म्हणाले. आजवर ते मला मॅडमच म्हणत. "चार लोकांत कायले सांगतलं हे? घरी मी सांगतलंच नव्हतं. तिले वाटे मी मशीनवरच आहो. रोज संध्याकाळी इचारे, आज कोणता वॉर्ड कसा होता. मी सांगो कायतरी."

"मला माहीत नव्हतं, काका."

"मले आधी इचारलं असतं, त मालूम झालं असतं."

त्यांनी आवाज चढवला नाही. बायकोला हात देऊन उठवलं आणि दोघं बसस्टँडकडं निघाले. गेटपाशी तिनं काहीतरी विचारलेलं मी खिडकीतून पाहिलं. ते थांबले.

अकोल्याहून पातूर फार लांब नाही. दोनदा मी बसस्टँडवर जाऊन उभी राहिले. तिथं गेल्यावर माफी त्यांची मागायची की त्यांच्या बायकोची, आणि मागितली तर त्यातलं त्यांच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे ठरेना. दोन्ही वेळा मी अमरावतीची गाडी धरून घरी आले.