गाई पितात ते

आमच्या डॉक्टर झोद्वाचं पाळण्यातलं नाव न्तोंबिझोद्वा, म्हणजे ‘नुसत्या मुली’. सहावीही मुलगीच झाली म्हणून आजोबांनी वैतागून ठेवलेलं. आजोबा स्वतः म्लिलो, म्हणजे आग. आता आम्हा झुलूंची रीत अशी, की सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाहीच, पण ते ज्या शब्दात डोकावतं तो शब्दही तोंडातून काढायचा नाही. बाळंतपणानंतर झोद्वाच्या आईच्या अंगाची आग आग व्हायला लागली. बिचारी सांगत राहिली, “चुलीत असतं ते अंगात शिरलंय.” सुईण जाऊन चूल तपासून आली. आई वाचली ती केवळ दैव बलवत्तर म्हणून, आणि झोद्वा बायकांची डॉक्टर झाली.

बाई तपासण्याआधी ती व्हरांड्यात येऊन सासऱ्याचं नाव विचारते. सुनेला विचारून काय उपयोग, ती सांगणार कशी? दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना वाटतं, झोद्वाला सोयरिकी जुळवायचा नाद आहे. मी तिची सिस्टर, नुसती हसते.

दिवस भरलेली थेंबेका सासऱ्याबरोबर आली तेव्हा झोद्वा ऑपरेशनमध्ये अडकली होती. तिच्या जागी तपासायला बसला होता डर्बनहून आलेला नवा डॉक्टर म्लोंगो. पोरगा झुलूच, पण शहरात वाढलेला.

“काय होतंय?” त्याने विचारलं.

“गाई पितात ते सांडलं,” थेंबेका पोट धरून म्हणाली.

“कुठे सांडलं?”

“चटईवर.”

“गाई चटईवर पितात?”

म्लोंगोने दार उघडून व्हरांड्यात बसलेल्या म्हाताऱ्याला सांगितलं, “बाबा, तुमच्या घरच्या गाईंचं काहीतरी बिघडलंय. ढोरांच्या डॉक्टरला गाठा.”

म्हातारा ताडकन उठला. “तांबडीचं असणार. सकाळीच मान टाकली होती तिने. सूनबाई, चल घरी.”

आणि ती बया खरंच निघाली. सासऱ्याचा शब्द मोडायचा कसा? माझं डोकंच फिरलं. मी धावत जाऊन झोद्वाला हाक मारली. ती ऑपरेशन आटोपून हातमोजे काढत आली आणि म्हाताऱ्यासमोर उभी राहिली.

“बाबा, नाव काय तुमचं?”

“मान्झोल्वांद्ले. समुद्राचं पाणी.”

“मग गाई ठणठणीत आहेत. सून ठीक नाही.”

थेंबेकाला पलंगावर झोपवून झोद्वाने हळूच विचारलं, “मकोटी, अगं सूनबाई, गाई पितात ते कसं दिसत होतं?”

“गाई खातात त्या रंगाचं.”

हिरवं पाणी. म्हणजे बाळाने आतच शी केली होती आणि ते गुदमरायला लागलं होतं. ठोके ऐकताना झोद्वाचा चेहरा उतरला. पोट कापावं लागेल, असं तिने थेंबेकाला समजावून सांगितलं.

म्हातारा दारातून म्हणाला, “मला विचारा. मुलगा खाणीवर आहे, घरात कर्ता मी.”

“पोट तुमचं आहे का, बाबा?”

“नाही.”

“मग बसा. मकोटी, तू सांग. करू?”

थेंबेका सासऱ्याकडे बघत होती. झोद्वा दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि थांबली. घाई मलाच झाली होती. शेवटी थेंबेका म्हणाली, “करा.”

बाळ बाहेर आलं आणि रडलं. मुलगी.

“मुलगीच?” म्हातारा म्हणाला.

“मीही नुसत्या मुलींतलीच, बाबा. चालून जातं.”

म्हाताऱ्याने वाकून बाळाला निरखलं. मग म्हणाला, “हिचं नाव नोमान्झी. पाण्याची पोर.”

“अहो, आई हाक कशी मारणार?” मी ओरडलेच.

“म्हणूनच,” म्हातारा म्हणाला. “पोटच्या पोरीला हाक मारावीच लागेल ना.”

पुढे बाळाला लस टोचायला आणलं तेव्हा झोद्वाने कार्डावर लिहायला थेंबेकाला नाव विचारलं. थेंबेकाने ओठ चावले. दारातल्या म्हाताऱ्याने पाठ फिरवली आणि कानात बोटं घातली.

“नोमान्झी,” ती पुटपुटली. मग घसा खाकरून जरा मोठ्याने म्हणाली, “सिस्टर, तहान लागलीय. पाणी देता?”

मी भांडं भरून दिलं. दारातून म्हातारा म्हणाला, “मला काही ऐकू आलं नाही हं.”