तिच्या गळ्याची पट्टी

आमच्या घरात गाणं बायकोचं. मला त्यातलं काही कळत नाही, आणि कळत नाही हे सांगायची मला कधी लाजही वाटली नाही. मी गणिताचा मास्तर. मोताळा तालुक्यातल्या शाळांमध्ये माझी उभी नोकरी गेली आणि रागीट मास्तर म्हणून माझं नाव झालं. ते नाव खोटं नव्हतं. पण सकाळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायला लागला की माझा रागसुद्धा जरा दमानं घ्यायचा. भाकरी थापताना ती गायची. फोडणीचा ठसका लागला की थांबायची, खोकायची, आणि ओळ जिथं सुटली तिथूनच पुन्हा उचलायची. दुपारी रेडिओवर जुनी गाणी लागली की त्यांच्यासोबतही तिचं चालू असायचं. रेडिओतल्या बाईपेक्षा तूच बरी म्हणतेस, असं मी तिला म्हणायचो. ती म्हणायची, तुमाले काय समजते त्यातलं. ते बरोबरच होतं, पण मी खोटं बोलत नव्हतो.

आमच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ आहे. शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात बसतं. त्यात पुढे बसून गाणारी ही. तिची एक गवळण होती, तिच्या आत्याकडून आलेली, कुठल्या छापील पुस्तकात नसलेली. त्यात राधा कृष्णाला अशी काही खडसावते की ऐकणाऱ्यालाच वाटावं, आपण काय केलं बापा. त्या गवळणीत एका जागी ती वरच्या 'सा'पर्यंत जायची आणि तिथं थांबायची. बायका टाळ वाजवायचं विसरून तिच्याकडं बघत बसायच्या. मी बाहेर चपलांपाशी उभा असायचो. न्यायला आलो म्हणायचो, पण देऊळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मग तिच्या गळ्याला गाठ निघाली, थायरॉइडची. अकोल्याला ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, सगळं नीट पार पडलं. आवाजात फरक पडू शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तो पडला. आवाज खाली गेला, जाड झाला. बोलताना त्याचं काही वाटायचं नाही. पण तिनं गाणं बंद केलं. शनिवारी देवळात जायची ती मागे बसून टाळ वाजवायला. रेडिओ चालू ठेवायची, पण तोंड मिटलेलं. भाकरी थापल्याचा नुसता आवाज यायचा.

"येईल परत," मी म्हणायचो. येणारे-जाणारेही तेच म्हणायचे. पाहुणे तर चहा ठेवायच्या आधीच म्हणायचे. ती "हाव" म्हणायची आणि कामाला लागायची.

तिला पुन्हा कसं गायला लावावं, ते मला समजेना. मी ओरडून करून घेता येणारी कामं करणारा माणूस, आणि हे ओरडून होण्यासारखं नव्हतं. शेवटी डोक्यात आलं की आपणच पेटी शिकावी. घरात बसून तिची गवळण वाजवली, तर ती किती वेळ गप राहील?

मंडळात पेटी वाजवते ती माझी जुनी विद्यार्थिनी. आता बाजारात तिचं मेडिकल आहे. गणितात हुशार होती, पण वहीच्या समासात फुलं काढायची म्हणून मी तिला पुष्कळ झापलं होतं. तिच्या दुकानात जाऊन मी म्हणालो, "मले पेटी शिकव. आन घरी समजू देऊ नको."

तिनं गिऱ्हाइकाला औषध दिलं, मग माझ्याकडं बघितलं. "सर, तुमी?"

"काऊन, माही बोटं का लाकडाची आहेत?"

"तसं नाही सर," ती म्हणाली, पण तसंच होतं. पुढं ते दिसलंच.

दुपारी मेडिकल बंद असायचं, तेव्हा मी तिच्या घरी जायचो. बायकोला सांगायचो, वाचनालयात चाललो. पहिल्याच दिवशी भांडण झालं. तिचं म्हणणं, पांढरी एक, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून सुरुवात करू, सगळे तिथूनच शिकतात. पेटीवरच्या ज्या पट्टीवर गाणाऱ्याचा सा बसतो ती त्या गाणाऱ्याची पट्टी, एवढं मला तेव्हा समजलं होतं.

"तुह्या काकूची गवळण कोणत्या पट्टीत असते?" मी विचारलं.

"काळी चार."

"मंग काळी चारच शिकव."

"अवघड आहे सर. सारी बोटं काळ्यावर पडतात."

"तुले अपूर्णांक अवघड जायचे, म्हणून मी सोडून दिले होते का?"

"नाही. छडी दाखवली होती."

"मंग तूही दाखव."

तिनं छडी दाखवली नाही, पण बाकी काही कसर ठेवली नाही. डाव्या हातानं भाता मारायचा आणि उजव्या हातानं पट्ट्या दाबायच्या, ही दोन कामं एका माणसाची आहेत हे माझ्या हातांना पटतच नव्हतं. उजवा चालला की डावा थांबायचा, आणि पेटी मध्येच दम लागल्यासारखी गप व्हायची. "सर, भाता," ती म्हणायची. थोड्या वेळानं पुन्हा, "सर, भाता." तिची सासू ओसरीवर बाजेवर पडलेली असायची. एकदा तिनं आत सुनेला विचारलं, "अवं, वासरू कोणाचं सुटलं?" मी रागानं उठलो, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. म्हातारीनं मला येता-जाता दोन्ही वेळा रामराम घातला.

पण मी शिकलो. गणितवाल्याच्या पद्धतीनं शिकलो. प्रत्येक पट्टीला मनातल्या मनात आकडा दिला, आणि गवळण म्हणजे त्या आकड्यांची रांग, पाढ्यासारखी पाठ केली. जेवताना ताटाच्या काठावर वाजवायचो, एसटीत पुढच्या सीटच्या दांड्यावर वाजवायचो. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्याच्या काट्याजवळ बोटं नाचवत उभा होतो, तर त्यानं विचारलं, "मास्तर, हिशेब चुकला का?" मला मजा यायला लागली होती, हे कबूल करायला काय हरकत आहे. आपल्या बोटांखालून ओळखीचं गाणं निघालं की माणूस या वयातही उगीचच हसतो. मी भिंतीकडं बघून हसायचो.

एके दिवशी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आता काकूसमोर बसा."

तिनं स्कूटीच्या पुढच्या जागेवर पेटी ठेवून ती आमच्या घरी आणून दिली आणि स्वतः दाराशीच थांबली. बायको सुपात तुरीची डाळ निवडत होती. पेटी बघून म्हणाली, "वाचनालयातलं पुस्तक मोठं दिसते." म्हणजे तिला माहीत होतं. ताटाच्या काठावर बोटं आपटणारा नवरा वाचनालयात जात नाही, एवढं तिला कळत होतं. मी पेटी उघडली, घसा खाकरला, जसा काही मीच गाणार होतो, आणि काळी चार धरून गवळण वाजवायला लागलो.

ती हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. मग सूप खाली ठेवलं आणि पहिली ओळ माझ्या पेटीबरोबर म्हणाली. मला भाता मारायचं भान राहिलं नव्हतं, तरी कसा कोण जाणे पेटी चालू राहिली. दुसरी ओळ आली. मग ती वर जायची जागा आली. ती वर गेली आणि आवाज फाटला. तिनं पुन्हा धरायला पाहिलं, तर नुसती हवा निघाली.

"राहू द्या," ती म्हणाली. सूप उचललं आणि आत गेली. आतून नळाचं पाणी सोडल्याचा आवाज आला, आणि पुष्कळ वेळ ते चालूच राहिलं.

मी आत जाऊन म्हणालो, "येईल परत."

तिनं नळ बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमध्ये गेलो आणि गिऱ्हाइकांसमोरच विद्यार्थिनीवर घसरलो. काय शिकवलं तू मले, माणसाचं दुःख वाढवायची विद्या आहे का ही, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. शाळेतही घ्यायची. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "सर, चूक माहीच आहे. काकूचा सा आता काळी चारवर नाही. आपण दोघंही जुन्याच जागी बसून राह्यलो."

"मंग कुठं आहे?"

"ते त्यायच्या गळ्याले माहीत. गात नसतील, पण बोलतात ना? साधं बोलताना आवाज जिथं येऊन टेकते, तिथं पाहा."

पेटी आमच्या घरीच होती. मी ती बैठकीत घेऊन बसलो. मनात अजून राग होता, पण आता कोणावर, ते सांगता आलं नसतं. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून नेहमीसारखी हाक आली, "चहा झाला हो." तिच्या हाकेतला तो 'हो' जरा लांबतो आणि हळूच खाली येऊन बसतो. इतकी वर्षं मी तो ऐकून फक्त कप उचलायचो. मी पट्ट्या दाबून बघितल्या. ही नाही, ती नाही. उत्तर दिलं नाही म्हणून तिनं पुन्हा हाक मारली. मी अजून शोधतच होतो. मग ती चिडून ओरडली, "बहिरे झाले का?" ती हाक कामाची नव्हती, फार वर गेली होती. चहा गार झाला, पण दुसऱ्या दिवशी तीच हाक आली तेव्हा मला जागा सापडली. पांढरी चार.

गणितानं सोपं होतं. काळी चारपासून पांढरी चार म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली, प्रत्येक आकड्यातून तीन वजा. कागदावर ते मला कोणीही झोपेतून उठवून विचारावं. पण बोटांना वजाबाकी येत नव्हती. बोटं काळ्यावर चढायला धावायची आणि तिथं त्यांचं काही काम नसायचं. विद्यार्थिनी म्हणाली, स्केल चेंजरवाली पेटी असती तर नुसती पट्टी सरकवून काम झालं असतं, तुमची बोटं तीच राहिली असती. मी म्हणालो, नको, सरकायचं ते मीच सरकतो. दुपारी पेटी घेऊन मी पुन्हा तिच्या घरी जायला लागलो, आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. म्हातारी ओसरीवरून म्हणाली, "मास्तर नापास झाले वाटते." मी म्हणालो, "हाव मावशी."

उन्हाळा लागेपर्यंत गवळण नव्या जागी बसली. ती कोणाला ऐकवायची म्हणून बसलो नव्हतो. संध्याकाळ होती, अंगणात पाणी शिंपडून झालं होतं, आणि मी बैठकीत एकटाच वाजवत होतो. बायको दाराशी येऊन उभी राहिली.

"इतक्या खाली काऊन धरली?"

"तू मले हाक मारते तिथं धरली."

ती आत आली आणि दिवाणाच्या कडेवर बसली. हात पदराला पुसत राहिली, ते कोरडे झाले तरी.

"मी म्हणून पाह्यली होती," ती म्हणाली. "तुमी मलकापूरले गेलते तवा. एकटीच होती घरात. खालच्या आवाजात म्हणता येते मले."

"मंग इतके दिवस म्हणली काऊन नाही?"

"तुमी रोज म्हणता, येईल परत. तुमी ज्याची वाट पाहून राह्यले, तो आवाज हा नाही. हा आयकून तुमचं तोंड उतरलं असतं. ते मले पाहवलं नसतं."

मी भाता मिटवला. धीर द्यायला म्हणून मी जे बोलायचो, त्यानं रोज तिच्या तोंडावर झाकण ठेवत होतो, आणि तीही माझ्यासाठीच ते ठेवू देत होती.

"तो आवाज गेला," मी म्हणालो. आमच्या घरात हे वाक्य कोणी पहिल्यांदाच बोललं होतं. "मले मालूम होतं. तरी येईल, येईल करत होतो. लय आवडे मले तो. गेला."

"हाव," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "गेला."

आम्ही दोघं बसलो, घरातलं माणूस गेल्यावर बसतात तसे. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तो किका मारत होता. मग तिनं नाक पुसलं आणि मांडी घातली.

"धरा सूर."

मी धरला. ती म्हणायला लागली. आवाज जाड होता, किंचित खरखरीत, आणि माझ्या ओळखीचा नव्हता. राधेचं खडसावणं त्यात जास्तच खरं वाटत होतं. मधल्या कडव्यात माझी बोटं सवयीनं काळ्याकडं धावली आणि घोटाळा झाला. ती थांबली नाही, माझ्याशिवायच पुढं गेली, आणि मी धडपडत मागून तिला गाठलं. वरच्या जागी ती सावकाश चढली. तिथं पोचली, आणि थांबली.

गवळण संपली तरी मी मान वर केली नाही. पेटीच्या पट्ट्या बघत बसलो.

"इकडं पाहा," ती म्हणाली. "तोंड पाहू द्या तुमचं."

मी वर बघितलं. गालावरून काय वाहत होतं ते लपवण्यात अर्थ नव्हता. ती माझ्याकडं बारीक नजरेनं बघत राहिली, डाळीतला खडा शोधताना बघते तशी, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. तिला काही सापडलं नाही.

"मधलं कडवं चुकलं तुमचं," ती म्हणाली. "ते पुन्हा घेऊ."