आशाबाई आणि टावरचं गाणं

पोंभुर्ण्याकडच्या गावांत धानाचा रोवणा लागला की आशाबाईचा भाव वधारायचा. बाया रांगेनं चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवतात. टोकाची बाई गाणं उचलते, बाकीच्या झेलतात. ते टोक आशाबाईचं. सासूनं डोरलं द्यावं तसं तिला दिलेलं. बांधी, म्हणजे धानाचं खाचर, कोणाचीही असो, आशाबाईनं तोंड उघडल्याशिवाय दुसरीनं खोकायचंही नाही!

अशात एटापल्लीकडची प्रेमिला गावात सून होऊन आली. गळा असा, की बांधावरचे बगळे मान वळवून पाहत. एकदा आशाबाई चुन्याची डबी काढायला थांबली, तेवढ्यात प्रेमिलानं उचललं :

टावर उभा टेकडीवर, बांधीत रेंज येईना,
धनी गेला मिरचीले, एक फोन होईना

बाया खुश; दर उन्हाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात जाणारे धनी घरोघरचे. आशाबाईच्या तोंडातली सुपारी कडू झाली.

"कुठचं वो हे?"

"मीच जोडलं, मावशी."

"जोडलेलं रोवण्यात चालत नाई. गाणं सासू-आजेसासूचं पायजे. कोणी जोडलं ते मालूम असलं, की मंग ते भाषण!"

"अन् आजेसासूचं कोणी जोडलं वो?" शेजारची सोमारी खिदळली. "धानासंगं उगवलं काय?"

त्या दिवसापासून बाया टावरचंच मागू लागल्या. आशाबाई जळून कोळसा. घरी नवऱ्याला म्हणाली, "तो टावर पडाले पायजे."

लटारू जेवता जेवता थांबला. "गाणं तिचं. टावरनं तुहं काय केलं?"

शेवटी तिनं डाव टाकला. प्रेमिला श्वास घ्यायला थांबली, तसं मागून कडवं फेकलं :

नव्या सुनेचा मोठा गळा, पऱ्हे हाती टिकेना,
फोनले लागला चिखल सारा, रोवणा काही निपटेना

रांग हसून चिखलात बसली. पण सगळ्यांत जास्त हसली प्रेमिलाच, आणि दुसऱ्या दिवसापासून ते कडवंही स्वतःच गाऊ लागली. टोमणासुद्धा हातचा गेला!

पुढच्या वर्षी आशाबाई लेकीच्या, ज्योत्स्नाच्या गावी, मूल तालुक्यात, रोवण्याला गेली. तिथल्या टोकाच्या म्हातारीनं उचललं काय, तर टावर! पाठोपाठ आशाबाईचं कडवं.

"हे कोणाचं वो बाई?"

"कोणाचं म्हणजे? जुनं आहे. माही सासू म्हणे."

म्हातारीच्या सासूच्या काळात कुठचा आला टावर! 'दुसरं कडवं माहं आहे' हे आशाबाईच्या अगदी ओठांवर आलं. पण ते सांगायचं तर आधी प्रेमिलाचं नाव घ्यावं लागणार. तिनं पुढचे पऱ्हे चिखलात खुपसले.

परतली, तर प्रेमिलानं बांधावरच गाठलं. "मावशी, तिकडे माहं गाणं म्हणतात म्हणे! ज्योत्स्नाताईचा फोन आला होता."

"तुहं?" आशाबाईनं पदर खोचला. "तुहं कुठचं वो? जुनं आहे ते. तिकडच्या बाया सासवांपासून म्हणून राह्यल्या. तूनं ऐकलं असन कुठीतरी."

प्रेमिलाच्या गालात हसू फुटलं. "मंग आता रोवण्यात चालन ना?"

"चालन. पण जुनं गाणं टोकाची बाई उचलते."

आणि प्रेमिलानं तोंड उघडायच्या आत आशाबाईनं टावर उचलला. स्वतःचं कडवं तेवढं दोनदा म्हटलं.