छातीतलं लोखंड दाखवा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढलो आणि असा आपटलो की पुन्हा त्या रस्त्यानेसुद्धा गेलो नाही. ज्या वकिलाने आपटलं, त्याचीच गोष्ट आज सांगायला बसलोय. मागे मी त्याला अरेतुरेच करतो. समोर साहेब म्हणतो, तो भाग वेगळा.

मी वेल्डर. बत्तीस वर्षं टाक्या जोडल्या. माणूस आत उतरेल एवढ्या मोठ्या, आणि आत उतरूनच जोडायच्या. वर झाकणाएवढं एक भोक. त्यातूनच मी आत जायचो आणि त्यातूनच धुराने बाहेर जायचं, त्याला वाटलं तर. चाळिशी उलटली तसा दम लागायला लागला. अर्धा जिना चढलो की बसायचं. माझ्यासारखेच आणखी सात जण. आम्ही कोर्टात गेलो. मागणं काय, तर टाकीत धूर ओढणारे पंखे लावा आणि आजार कामामुळे झाला हे एकदा कबूल करा. साक्षीला मला उभं केलं, कारण माझं तोंड चालतं.

ते तोंड त्याने पाच मिनिटांत बंद केलं.

कंपनीचा वकील तो. उंच, काळा कोट, आवाज अगदी मऊ. आवाज चढवणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं हो, मऊ बोलणाऱ्याचं काय करणार?

"मिस्त्री, नुसतं हो किंवा नाही सांगा. तुम्ही सिगरेट ओढत होता?"

"आता सोडली, साहेब. आधी..."

"हो किंवा नाही."

"हो."

"दिवसाला एक पाकीट?"

"हो, पण..."

"आणि तुमचं म्हणणं, छातीत लोखंड साठलंय."

"साठलंय."

"मग दाखवा की! कोर्टाला दाखवा, कुठे आहे लोखंड?"

लोक हसले. आणि मी मूर्ख, माझा हात खरोखरच शर्टाच्या बटणावर गेला. मग तर न्यायाधीशसुद्धा हसले.

केस गेली ती गेलीच. पण तिसऱ्या बाकावर माझी बायको बसली होती. तिला मी लग्नात सांगितलं होतं, दोन-चार ओढल्या असतील पोरपणी. ओढायचो ते कामावरच, घरी नाही, म्हणून पाकिटाचा आकडा तिला कोर्टात कळला. त्या दिवसापासून घरात मला खोकला आला की हिचं ठरलेलं वाक्य, "ओढा अजून." भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, मान वर न करता, "ओढा अजून." पंधरा वर्षं! कंपनीने मला खोटं ठरवलं ते मी पचवलं. घरातल्या घरात रोज खोटं ठरणं पचत नाही.

आता त्याचं काय झालं ते ऐका. हे मला नंतर कळलं, थोडं त्याच्याकडून, थोडं त्याला पुढे शिकवणाऱ्या बाईंकडून. बाई म्हणजे भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. शरीरात चुंबकत्व कुठे आणि किती, हे मोजायचं त्यांचं काम. हृदय चालतं त्याचंसुद्धा इवलंसं चुंबकत्व असतं म्हणे. आणि फुप्फुसात लोखंडाची भुकटी असली, तर चुंबक लावून काढल्यावर ती थोडा वेळ स्वतःच चुंबक होऊन बसते. बाहेरून मोजता येते.

माझ्या केसनंतर तीन वर्षांनी अशाच दुसऱ्या एका केसमध्ये बाई तज्ज्ञ म्हणून साक्षीला आल्या. समोर आमचा हाच. त्याने बाईंच्या आलेखाच्या चिंध्या केल्या. यंत्र कोणी तपासलं, लिफ्ट चालू होती का, त्या माणसाच्या खिशात किल्ल्या नव्हत्या कशावरून? बाईंच्या नाकी नऊ आणले. शेवटी बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमचे प्रश्न फार चांगले आहेत. फक्त तुम्हाला उत्तरं नको आहेत."

ती केसही तो जिंकला. पण वाक्य कुठेतरी रुतलं. पुढच्या शनिवारी हा बाईंच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा. म्हणे, तेच प्रश्न पुन्हा विचारायचेत, या वेळी उत्तरांसाठी. बाईंनी चहासुद्धा विचारला नाही. नुसतं म्हणाल्या, "खिसे रिकामे करा आणि आत या."

शनिवारला रविवारही जोडले गेले. घरी मुलीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन हा जेवायच्या टेबलावर बसायचा, आणि मुलगी याला शिकवायची. ती रागावली की हा म्हणायचा, "हरकत आहे, साहेब," आणि ती म्हणायची, "फेटाळली. गणित पुन्हा करा." त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे दोन विद्यार्थी आहेत, त्यातल्या एकाला मधुमेह आहे." पन्नासाव्या वर्षी त्याने चालती वकिली बंद केली आणि विशीतल्या पोरांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसला. लोक म्हणाले, डोकं फिरलं. मीही म्हणालो असतो, मला माहीत असतं तर.

प्रयोगशाळेत सुरुवातीला त्याचा उपयोग शून्य, उपद्रव फार. हा खोलीत आला की यंत्राची रेघ उडी मारायची. तीन महिने सगळे हैराण. तारा तपासल्या, भिंती तपासल्या. शेवटी सापडलं काय? कोटाच्या अस्तरात स्टेपलरच्या पिना! पंचवीस वर्षं फायली बगलेत मारून हिंडलेला माणूस, पिना सांडल्या त्या अस्तरात जाऊन बसलेल्या. बाईंनी नाव ठेवलं पिनसाहेब. तेव्हा त्याने काळा कोट सोडला. लोकांना वाटतं वैराग्य. वैराग्य कसलं, पिना!

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. याने यंत्राचीच उलटतपासणी सुरू केली. आलेला प्रत्येक आकडा हा आरोपीसारखा उभा करायचा. लिफ्ट बंद ठेवून मोजायचं हा नियम त्याचा. मोजायची खाट लाकडी, तिच्यात एकही खिळा नाही, नुसत्या लाकडी खुंट्या, तीही त्याने सुताराच्या मागे लागून करून घेतली. बाई म्हणतात, कोर्टात त्याने मला रडवलं तेच सगळे प्रश्न आता आमच्या कामाचे नियम झालेत.

आणि मग एका सकाळी तो माझ्या दारात आला. केस पांढरे, साधा शर्ट. मी ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा आला तेव्हाही. तिसऱ्यांदा हिने दार उघडलं आणि पाणी दिलं. तो म्हणाला, "मिस्त्री, मी तुम्हाला एकदा म्हणालो होतो, लोखंड दाखवा. आता ते बघता येतं. तुमची इच्छा असेल तर."

"जा की," ही मला म्हणाली. "कळू दे एकदाचं, सिगरेट आहे का लोखंड."

ती कोणत्या बाजूने बोलत होती ते मला ठाऊक होतं. आणि खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली. यंत्राने सांगितलं की काहीच नाही, तर? मग उरलेलं आयुष्य कुठल्या तोंडाने खोकायचं?

तरी गेलो. त्याने आधी कागद वाचून दाखवला. संमतीचा कागद, वकिलाच्या हातचा, पण माझ्यासारख्याला कळेल असा. त्यात एक ओळ होती, की मला वाटलं तर कधीही, कारण न देता, माझं नाव आणि आकडा मी काढून घेऊ शकतो. सही केली. मग डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, अंगात कुठे धातू आहे का, सगळं विचारलं. पट्टा, चष्मा, किल्ल्या, आणि तार असलेली माझी कवळी, सगळं एका ट्रेमध्ये. ट्रे हिच्या मांडीवर. बिनदातांचा मी खाटेवर आडवा झालो. त्याने छातीवर चुंबक धरलं, काढलं. वर यंत्र सरकवताना मला धीर द्यायला म्हणून बोलत होता.

"वकिलीत पहिला धडा काय, माहितीये मिस्त्री? ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही. इथे उलटं. उत्तर ठाऊक असेल तर प्रश्न विचारून काय उपयोग?"

हसला आणि जाड दार लावून बाहेर गेला.

वीस मिनिटं हलायचं नव्हतं. हलता येत नाही तेव्हा डोकं चालतं. ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारायचा नाही. मग मला विचारलेला प्रश्न?

दार उघडलं. त्याच्या हातात कागद. रेघ डोंगरासारखी वर गेलेली. शेजारी त्याच्या स्वतःच्या छातीची रेघ, जवळजवळ सपाट. "आहे," तो म्हणाला. "भरपूर आहे, मिस्त्री." त्याचे डोळे भरले होते. मला त्या डोळ्यांचं काही पडलं नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो. दात नव्हते, शब्द फुसफुसत होते, पण थांबलो नाही. "आता मी विचारतो. नुसतं हो किंवा नाही. माझ्या छातीत लोखंड आहे?"

"हो."

"मी कोर्टात खोटं बोललो होतो?"

"नाही."

"तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

बाई काचेमागून बघत होत्या. त्याने मान खाली घातली नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगीन.

"हो," तो म्हणाला. "कंपनीच्या डॉक्टरांनी काढलेले तुमच्या छातीचे एक्स-रे फोटो माझ्या फाइलीत होते. दोन्ही फुप्फुसांवर डाग. तुमच्या वकिलाने मागितले नाहीत, म्हणून मी दिले नाहीत. कोर्टात तुम्हाला लोखंड दाखवता येणार नाही, एवढं नक्की ठाऊक होतं, म्हणून दाखवा म्हणालो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "काढा माझं नाव! फाडा तो कागद! तुमच्या पापाला माझी छाती कशाला?"

त्याने संमतीचा कागद काढला, पेन काढलं. ज्या माणसापासून हे सगळं सुरू झालं त्याचाच आकडा तो खोडायला निघाला होता.

"थांबा हो," ही म्हणाली. ट्रे घेऊन पुढे आली. "तुम्ही आधी दात घाला." मग त्याच्याकडे वळली. "यात सिगरेटचं किती?"

"सिगरेटचा धूर यात दिसत नाही, ताई. हे लोखंडच. पण दम त्याच्यामुळेच लागतो, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. सिगरेटचाही वाटा असेल. लोखंड आहे, एवढंच सांगू शकतो."

"एवढं पुरे," ती म्हणाली. "बाकीचं मी बघत आलेय. ते खोडू नका. यांचं आहे, कुठेतरी लिहिलेलं राहू दे."

मी दात घालत होतो, आणि कवळी बसेना.

त्याने पेन खिशात ठेवलं. दारापर्यंत सोडायला आला. मी त्याला माफ केलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. उत्तर ठाऊक नव्हतं म्हणून असेल, किंवा ठाऊक होतं म्हणून.

लिफ्ट त्याच्याच नियमाने बंद. जिना उतरायचा. दुसऱ्या वळणावर मला खोकला आला, जोराचा, कठड्याला धरून उभा राहिलो. ही दोन पायऱ्या पुढे गेली होती. सवयीने तिचं तोंड उघडलं. मी वाट बघत होतो.

"बसा जरा," ती म्हणाली. "घाई कुठे आहे आपल्याला."

आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली.