सुपारीखालच्या गोळ्या
पानाचा डबा उघडला, सुपारीचा वास आला, की मला त्या गोळ्या आठवतात बघा. थोरल्या जाऊबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमोही संपली, अंगाची नुसती काडी राहिली होती. एक दिवस चुन्याची डबी शोधताना त्यांच्या पानाच्या डब्यात सुपारीखाली मला कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या तीन अख्ख्या पट्ट्या सापडल्या. "अगो, चरबीची गोळी ना ती? माझ्या अंगावर चरबी उरलीय कुठं?" त्या माझ्यावरच उखडल्या. मी एस.टी.नं त्यांना अलिबागला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई हसल्या. "आजी, ही चरबी रक्तातली, अंगावरची नव्हे. हृदयासाठी गोळी हवीच." मग म्हणाल्या, ही गोळी घेणाऱ्या बायकांत कॅन्सर उलटायचं प्रमाण कमी होतं का, ते अजून तपासतायत. जाऊबाई खुर्चीत पुढे सरकल्या, "म्हणजे माझा उलटणार नाही?" "ते मला ठाऊक नाही, आजी. खोटं कशाला सांगू?" बाहेर आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "खरं बोलते गो ही. घेईन मी." अजूनही त्या आंघोळीला गेल्या की मी हळूच डबा उघडते, सुपारीखाली बोटं फिरवते. सुपारीच लागते हाताला.