डोन्या तोमासाच्या घरचा माणूस

पैसे मोजून तुमच्या घरी राहायला आलेल्या पाहुण्याच्या हातात तुम्ही कधी फावडं दिलंय का? नाही ना? मग डोन्या तोमासाला नावं ठेवण्याआधी नीट ऐका.

ती माझी शेजारीण. मेक्सिकोत, ओआहाकाच्या डोंगरात आमचं गाव, आणि गावातली आमची वरची आळी. नवरा गेल्यापासून तोमासा मागची खोली परदेशी पाहुण्यांना देते. तव्यावरची तोर्तिया, म्हणजे आमची मक्याची भाकरी, ताटात टाकताना प्रत्येकाला सांगते, "आता तू या घरचा." पाहुण्यांचे डोळे भरून येतात. पण आमच्याकडे घरचं होणं म्हणजे नुसतं जेवण नव्हे. रविवारी तेकियो असतो: घरटी एक माणूस, गावाचं काम, मजुरी नाही. जे घर राबतं, ते सभेत हात वर करतं.

विधवांचं घर सोडून. त्यांच्याकडून काम बरोबर मागतात, सभेत मात्र बाईने दाराशी उभं राहायचं. याविरुद्ध मी इतक्या वेळा बोललोय की मी उठलो की अर्धी सभा लघवीला जाते.

यंदा प्रश्न नव्या टाकीच्या पाण्याचा होता. नळ वरच्या आळीला न्यायचा, की चौकात कारंजं उडवायचं? सभेचे प्रमुख डोन फिलेमोन कारंज्याच्या बाजूचे, कारण चौकात त्यांचं घर. आणि वरच्या आळीत पुरुष उरलेत कुठे? निम्मे उत्तरेला अमेरिकेत कामाला गेले, उरलेले स्मशानात. तोमासा डोक्यावरून पाणी आणते आणि तिचा गुडघा आता ऐकत नाही.

मग एका रविवारी तेकियोला ती आपल्या पाहुण्याला, हॉलंडच्या योरिसला घेऊन आली. दारातून वाकून यावं लागणारा गडी, खांद्यावर तिचं फावडं.

"हा कोण?" फिलेमोन.

"माझ्या घरचा."

"अहो बाई, तो पैसे देऊन राहतो."

"माझा नवरा फुकट राहायचा, डोन फिलेमोन. त्याने जन्मात एवढं खणलं नाही."

लोक हसले. योरिसने दुपारपर्यंत रस्त्याकडेचा चर उपसला. फुकटचा गडी कोण सोडतो? फिलेमोननेच सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "तोमासाच्या घरचं काम भरलं." मी तिच्याकडे पाहिलं. बाई आभाळाकडे बघत होती, अगदी देवळातल्यासारखं तोंड करून.

योरिसने शहरातल्या ओळखीच्या प्रवाशांना कळवलं की इथे घरच्यासारखं वागवतात. पुढच्या रविवारी आळीतल्या आणखी चार विधवांकडे पाहुणे उगवले. हातांना फोड आले, पण सगळे खूश. असली मजा म्हणे हॉटेलात मिळत नाही. आणि फिलेमोन प्रत्येकाच्या घरचं काम भरल्याचं मोठ्याने सांगत सुटला.

मग सभा भरली. पहिल्या बाकावर पाच परदेशी, त्यांच्या मागे उभ्या पाच बायका. तोमासाने सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं: पाठीत बोट टोचलं की हात वर.

"नळ वरच्या आळीला, कोण कोण?" फिलेमोनने विचारलं. पाच बोटं टोचली गेली. पाच लांबलचक हात वर.

फिलेमोन लाल झाला. "हे काय चाललंय? यांना आपली भाषासुद्धा येत नाही. यांना काय कळतंय?"

"काही नाही," तोमासा म्हणाली. "माझ्याही नवऱ्याला कळत नव्हतं, तरी तुम्ही त्याचा हात मोजत होतात."

"पण हे परके आहेत."

"मग ज्यांना कळतं त्यांना बसवा. हे उठतील, आम्ही बसू."

मी बोलायला उठणार होतो. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, मी गप बसलो. फिलेमोनने बाकाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. त्या घरांचं काम भरलंय हे त्यानेच गावभर ओरडून सांगितलेलं. शेवटी पुटपुटला, "बसा."

"ऊठ पोरा," तोमासाने योरिसच्या खांद्यावर थाप मारली. पन्नाशीचा तो माणूस शाळेतल्यासारखा उठून उभा राहिला. पाची बायका बसल्या. या वेळी हात त्यांचे होते. कारंजं हरलं, नळ वरच्या आळीला मंजूर.

नळाचा चर मात्र तिच्या दारापासून अजून बराच खाली अडलाय, आणि योरिस गेला घरी. म्हणून सांगतो, कधी या बाजूला आलात तर हॉटेल बघू नका, डोन्या तोमासाकडेच उतरा. जेवण उत्तम मिळेल. फक्त येताना आपलं फावडं घेऊन या, तिच्या फावड्याचा दांडा मोडलाय.