कमी कमावणारा बाप

नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या शिरीषला बटाट्याच्या रोगांबद्दल काहीही विचारा, तो तासभर सांगेल. आपल्या नोकरीबद्दल मात्र तो साताऱ्यातल्या आईवडिलांना तीन वर्षं थापा मारत होता. लेक मृण्मयी झाल्यापासून तो प्रयोगशाळेत तीनच दिवस जायचा. बुधवार-शुक्रवार ‘पापादाख’, म्हणजे बापाने पोर सांभाळायचे वार. इथले बाप ते मिरवतात. शिरीष फोनवर ‘घरून काम’ म्हणायचा. बायको अस्मिता द हेगला नोकरीला, पगार त्याच्या दुप्पट.

आता विक्रीकर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले त्याचे वडील, अण्णा, तीन महिन्यांसाठी येऊन समोरच बसले होते. शुक्रवारी शिरीषने पोरीला हिंडवलं, धिरडी घातली, कपडे वाळत टाकले. अण्णा सगळं बघत होते. दुपारी त्याने आयकराचा फॉर्म आणि शेजारी मागच्या वर्षीचा, दोन्ही इंग्रजी भाषांतरात उघडले, तशी त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“ही कसली सूट?”

“लहान मूल असलेल्या कमावत्या आईबापांना. दोघांत ज्याची कमाई कमी, त्याला मिळते. ठरावीक रकमेच्या वर त्याची कमाई वाढेल तशी सूटही वाढते, एका मर्यादेपर्यंत.”

“म्हणजे अस्मिताला.”

“मला, अण्णा. मी तीनच दिवस कामावर जातो.”

तेवढ्यात “पापा, प्लासन!” अशी हाक आली आणि पोरीला बाथरूममध्ये न्यायला तो पळाला. एवढ्या आनंदाने तो आजवर कधीच उठला नव्हता. परत आला, तर अण्णा मागच्या वर्षीच्या फॉर्मवर बोट ठेवून बसलेले.

“इथे मूल ‘नाही’ असं कोणी लिहिलं?”

“मीच. कमी कमावणारा म्हणून आपलं नाव लागू नये...”

“पगार सरकारला आधीच ठाऊक असतो, गाढवा! पोटची पोर नाकारलीस? किती वर्षं?”

“तीन.”

“दुरुस्ती होते?”

“पाच वर्षांपर्यंतची होते.”

“मग उघड की! बघतोस काय?”

अण्णांनी बाह्या सरसावल्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या हाती एवढं मोठं प्रकरण लागलं होतं. तोच साताऱ्याहून आईचा फोन आला. शिरीषने हात पुढे करायच्या आत अण्णांनी तो उचलला.

“अगं, तीनच दिवस जातो हा नोकरीला. हो, सूनबाई जास्त कमावते. ते राहू दे गं! तीन वर्षांची सूट बुडवलीन याने, ते आधी ऐक!”